एका क्लिकची मालकी

पेटंट हे वाङ्मय म्हणून कुणी वाचत नाही. वकील ते पैशासाठी वाचतात, प्रतिस्पर्धी कंपन्या धास्तीने वाचतात, आणि बाकीचे सगळे त्याच्याबद्दल फक्त ऐकतात. तरी गद्याची जाण असलेल्याने एकदा निवांत बसून वाचावं असं एक पेटंट आहे. अमेरिकेचं पेटंट क्रमांक ५,९६०,४११. अर्ज १२ सप्टेंबर १९९७ चा, मंजुरी २८ सप्टेंबर १९९९ ची. शोधकर्ते म्हणून चार नावं आहेत: पेरी हार्टमन, जेफ्री बेझोस, शेल कॅफन आणि जोएल स्पीगल. मालक ॲमेझॉन डॉट कॉम. शीर्षक अगदी कोरडं, संपर्कजाळ्यावरून खरेदीची मागणी नोंदवण्याची पद्धत आणि यंत्रणा असं काहीसं. जग त्याला ‘वन-क्लिक’ म्हणून ओळखतं.

या पेटंटने शिव्या भरपूर खाल्ल्या, आणि त्यातल्या बऱ्याच रास्त होत्या. बटण एकदा दाबलं की वस्तू विकत घेतली, यात शोध तो कसला, हा पहिला सवाल. दुसरा असा की अशा गोष्टीची वीस वर्षांची मक्तेदारी एका कंपनीला कशी काय देता? पण शिव्या देणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी मूळ मजकूर वाचला असावा, असा मला दाट संशय आहे. वाचला असता तर रागाला धार आली असती, आणि मधूनच दादही द्यावी लागली असती.

या मजकुराचे दोन लेखक आहेत असं वाचताना सतत वाटत राहतं. पहिला आवाज वर्णनाचा. तो अभियंत्याचा आहे. सोशिक, थोडा लांबट, आकृत्यांकडे बोट दाखवत पायरी पायरीने पुढे जाणारा. दुसरा आवाज शेवटी येणाऱ्या दाव्यांचा, आणि तो वकिलाचा आहे. कायद्याचं बळ असतं ते दाव्यांना. वर्णन असतं ते दावे समजावेत म्हणून. पण साहित्याच्या नजरेने पाहिलं तर पहिला आवाज जास्त प्रामाणिक आहे, म्हणून आधी त्याच्याकडे जाऊ.

सुरुवात होते ती गिऱ्हाइकाच्या कंटाळ्यापासून. इंटरनेटवरच्या दुकानात त्या वेळी रूढ झालेली रीत म्हणजे शॉपिंग कार्ट. वस्तू निवडा, गाडीत टाका, मग पैसे भरायला जा, नाव द्या, पत्ता द्या, कार्डाचा क्रमांक द्या, पुन्हा एकदा सगळं तपासून होकार द्या. दहा वस्तू घेणाऱ्याला हे ठीक आहे. एकच पुस्तक हवं असणाऱ्याला मात्र पुस्तक निवडायच्या कष्टांपेक्षा ते विकत घ्यायचे सोपस्कार जास्त होतात. शिवाय दर खेपेला ही नाजूक माहिती जाळ्यावरून जाणार, म्हणजे वाटेत कुणी टिपण्याची भीती. हे निरीक्षण साधं आहे, पण ते दुकानदाराचं आहे. ॲमेझॉनचं दुकान तेव्हा जेमतेम दोन वर्षांचं होतं आणि अर्ज करण्याच्या चार महिने आधीच, मे १९९७ मध्ये, कंपनी शेअर बाजारात उतरली होती. गिऱ्हाईक दाराशी येऊन का परत जातं हा प्रश्न त्यांना रोज पडत असणार, आणि तो या परिच्छेदांत ऐकू येतो.

मग उपाय येतो. गिऱ्हाइकाची माहिती एकदाच घेऊन सर्व्हरवर ठेवायची. त्याच्या संगणकाला एक ओळखखूण द्यायची. पुढच्या वेळी तो आला की पानावर एक बटण दाखवायचं, आणि शेजारी त्याला खात्री पटेल एवढीच अर्धवट माहिती दाखवायची, पूर्ण नाही. ही अर्धवट माहितीची कल्पना मला आवडते. पाहणाऱ्याला कळावं पण चोराला कळू नये, एवढा नेमका तोल तिच्यात साधला आहे.

याहून जास्त आवडतो तो पुढचा भाग, ज्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही. विकत घेणं एवढं सोपं केलं की नवीनच अडचण उभी राहते. माणूस थोड्या वेळात पाच वेळा बटण दाबेल, आणि पाच पुस्तकं पाच खोक्यांतून पाच खर्च करून निघतील. तेव्हा ठरावीक वेळात आलेल्या मागण्या एकत्र करायच्या, कोणती वस्तू हाताशी आहे आणि कोणती उशिरा येणार हे पाहून त्यांचे गट करायचे, यासाठी एक स्वतंत्र आकृती आणि तिचं विवेचन आहे. त्यापुढे भेटवस्तूंचा भाग येतो. देणाऱ्याला घेणाऱ्याचं नाव आणि ईमेल किंवा फोन एवढंच ठाऊक आहे, घरचा पत्ता नाही. तर यंत्रणेने तो वेगवेगळ्या माहितीसाठ्यांतून कसा शोधावा? इथे खरंच डोकं लावलेलं दिसतं. एका सोयीमधून दुसरी अडचण, तिच्यातून तिसरी युक्ती, असा कामाचा ओघ या पानांना आहे. मालकी एवढ्याचीच मागितली असती तर कुणाचं भांडण झालं नसतं, असं माझं मत आहे.

पण मग दावे येतात आणि स्वर बदलतो.

एकूण दावे २६. अमेरिकी रीतीप्रमाणे प्रत्येक दावा म्हणजे एकच वाक्य, मग ते कितीही लांबो. पहिल्या दाव्याचा आशय असा: गिऱ्हाइकाच्या संगणकावर वस्तूची ओळख दाखवायची, केवळ एकाच कृतीला प्रतिसाद म्हणून ती वस्तू मागवल्याचा निरोप, गिऱ्हाइकाच्या ओळखखुणेसह, सर्व्हरकडे धाडायचा, सर्व्हरने तो घ्यायचा, आधी साठवलेली माहिती काढायची, मागणी तयार करायची, ती पुरी करायची, आणि हे सारं शॉपिंग कार्टच्या पद्धतीवाचून. अकराव्या दाव्यात यातलंही बरंच गळून पडतं. तिथे ओळखखूण नाही, साठवलेली माहितीही नाही. वस्तू दाखवा, कोणती एक कृती करायची ते दाखवा, ती एक कृती झाली की मागणी पाठवा, कार्ट नको, माल पोचवा. संपलं.

आपल्याकडे सूत्रकारांची अशी ख्याती की अर्धी मात्रा वाचली तरी त्यांना पुत्रजन्माचा आनंद होतो. अकराव्या दाव्याचा लेखक त्या बिरादरीतला आहे. फरक एवढाच की सूत्रकार शब्द गाळतो तो पाठांतर सोपं व्हावं म्हणून, आणि हा गाळतो तो कुंपण पुढे सरकावं म्हणून. दाव्यात जितक्या अटी जास्त तितका दावा अरुंद, कारण प्रत्येक अट प्रतिस्पर्ध्याला निसटायला एक फट देते. ‘कुकी’ असं लिहिलं असतं तर दुसऱ्याने कुकीवाचून तेच केलं असतं. म्हणून कुकी नाही. ब्राउझर नाही. माहितीसाठा कसा रचायचा ते नाही. वर्णनात ज्या युक्त्यांचं कौतुक वाटलं त्यातली एकही या वाक्यात उरलेली नाही. ‘कसं करायचं’ सगळं काढून टाकून ‘काय घडावं’ एवढंच ठेवलेलं आहे. नव्या कुलपाचं पेटंट समजू शकतं. इथे दार बंद राहण्याचंच पेटंट मागितलं होतं.

सॉफ्टवेअरच्या ज्या ज्या पेटंटांवर गदारोळ झाला त्यांत हीच लेखनयुक्ती थोड्याफार फरकाने सापडते. लोखंडी यंत्राच्या पेटंटात परिणाम आणि यंत्र यांची इतकी सहज फारकत करता येत नाही. दट्ट्या, झडप, दांडा यांची नावं घ्यावीच लागतात. सॉफ्टवेअरमध्ये यंत्र आधीच प्रत्येकाच्या टेबलावर आहे, तेव्हा लिहायला उरतो तो फक्त व्यवहार. आणि व्यवहाराचं वर्णन करायला लागलं की लेखणी कुठे थांबवायची हे लिहिणाऱ्याच्या विवेकावर. तो विवेक या अकराव्या दाव्यात मला दिसत नाही. कारागिरी मात्र अव्वल आहे.

‘केवळ एकाच कृतीला’ या शब्दांचीच गोष्ट घ्या. कृती म्हणजे काय? माऊस सरकवला ती एक, बाण बटणावर आणला ती दुसरी, बोट दाबलं ती तिसरी, असं कुणी मोजायला बसलं तर? याचं उत्तर वर्णनाच्या अखेरीस देऊन ठेवलेलं आहे. माणसाच्या हालचाली कितीही होवोत, कृती म्हणजे मागणी नोंदवायची आहे हे सांगणारी, संगणकाला मिळालेली एक घटना. माणसाचा हात काय करतो यापेक्षा यंत्राच्या कानावर काय पडतं ते मोजायचं! अख्ख्या मजकुरात यापेक्षा देखणी व्याख्या नाही. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात आली असती तर तिच्यावर भाष्यं लिहिली गेली असती.

मोठ्या दाव्यांच्या पोटात छोटे दावे असतात. ती एक कृती माऊसची क्लिक असू शकते, कळफलकावरची कळ असू शकते, तोंडाने काढलेला आवाज असू शकतो, टीव्हीच्या रिमोटचं बटणही असू शकतं. बोलून खरेदी करण्याची ही कल्पना १९९७ ची आहे. त्याच कंपनीचा एको हा बोलका स्पीकर आला २०१४ मध्ये. दूरदृष्टी म्हणावी का? मला तसं वाटत नाही. आवाज यंत्राने ओळखायचा कसा, याचा त्यात मागमूस नाही. उद्या कुणी त्या वाटेने आलाच तर तिथेही आपली पाटी असावी, एवढ्यासाठीच तो दावा आहे.

मंजुरीला महिना व्हायच्या आत, २१ ऑक्टोबर १९९९ रोजी, ॲमेझॉनने बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्या कंपनीवर दावा लावला. त्यांच्या संकेतस्थळावर ‘एक्सप्रेस लेन’ नावाची सोय होती, तीही एका क्लिकवर पुस्तक देणारी. सिॲटलच्या न्यायालयात न्यायाधीश मार्शा पेकमन यांनी १ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम दिला, ऐन नाताळच्या खरेदीत. बार्न्स अँड नोबलने मग वाटेत आणखी एक क्लिक घातली. गिऱ्हाइकाला आता दोनदा दाबावं लागणार, म्हणजे कृती एक राहिली नाही. सोय मुद्दाम थोडी गैरसोयीची करून कायदा पाळायचा, हा विनोद कुणाला सुचला नसता. तो दाव्याच्या वाक्यरचनेतून आपोआप जन्माला आला.

अपिलाचा निकाल १४ फेब्रुवारी २००१ चा आहे आणि तोही रसिकाने वाचावा असाच आहे. न्यायाधीशांनी जे केलं ते शुद्ध निकटवाचन. बार्न्स अँड नोबलचं म्हणणं असं की क्लिकांची मोजणी वस्तू पहिल्यांदा दिसल्यापासून सुरू करा; यादीच्या पानापासून मोजलं तर आमच्याकडे दोन क्लिका होतात. न्यायालयाने दाव्याचे शब्द पाहिले आणि सांगितलं की पहिल्या दर्शनापासूनच मोजा असं त्यांत कुठेही नाही. वस्तूची माहिती कधीतरी दाखवल्यानंतर एका कृतीत मागणी होऊ शकली की पुरे. हा अर्थ ॲमेझॉनच्या बाजूचा. मजकुराचा पैस मोठा मानला, आणि त्या पैसात बार्न्स अँड नोबल सापडली.

पण मग न्यायालयाने तीच फूटपट्टी उलट्या बाजूने लावली. पेटंट म्हणजे मेणाचं नाक नव्हे, अतिक्रमण ठरवताना एका बाजूला वळवायचं आणि जुन्या गोष्टींपासून वाचवताना दुसऱ्या बाजूला, असं चालणार नाही, या अर्थाचं अमेरिकी न्यायालयांतलं एक जुनं वचन त्यांनी इथे आठवलं. आणि पुढे आणलं कंप्युसर्व्ह. या ऑनलाइन सेवेत नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर ‘ट्रेंड’ नावाची सोय होती. शेअरच्या भावाचा आलेख हवा असेल तर बटण दाबायचं, आलेख समोर यायचा आणि खात्यावर ५० सेंट चढायचे. बटण एक, कृती एक, कार्ट नाही. खालच्या न्यायालयाने ते बाजूला सारताना, ट्रेंड वर्ल्ड वाइड वेबवर नव्हतं, हेही एक कारण मानलं होतं. अपिलात न्यायाधीशांनी दाखवून दिलं की दाव्यांत इंटरनेटचं किंवा वेबचं नावच नाही. एका छोट्या दाव्यात एचटीएमएलचा उल्लेख आहे, तेवढा सोडला तर.

हा प्रसंग या कहाणीचा कळस आहे असं मला वाटतं. ‘इंटरनेट’ हा शब्द गाळला तो कुंपण दूरवर जावं म्हणून. कुंपण दूरवर गेलं, आणि तिथे आधीपासून दुसऱ्याचं घर उभं असल्याचं निघालं. पेटंट वैध ठरेल की नाही याबद्दल भक्कम शंका आहे, असं म्हणून न्यायालयाने मनाई हुकूम उठवला. पुढे मार्च २००२ मध्ये दोघांत तडजोड झाली, अटी गुप्त राहिल्या, आणि पेटंट वैध आहे की नाही याचा निवाडा त्या खटल्यात झालाच नाही.

आणखी एक गंमत सांगायची राहते. ज्या शॉपिंग कार्टला या दाव्याने नाकारलं, त्या कार्टवरही कुणाचं तरी पेटंट होतं! ओपन मार्केट नावाच्या कंपनीने १९९४ मध्ये अर्ज करून ते १९९८ मध्ये मिळवलं, पुढे ते सोव्हरेन सॉफ्टवेअरच्या हाती गेलं, आणि सोव्हरेनने दुकानदारांवर दावे लावले. एका क्लिकसाठी दुसऱ्याला न्यायालयात खेचणाऱ्या ॲमेझॉनने २००५ मध्ये कार्टसाठी त्यांना चार कोटी डॉलर मोजले. न्यूएग ही कंपनी मात्र लढत राहिली. २०१३ मध्ये अपिलाच्या त्याच न्यायालयाने कार्टवरचे ते दावे रद्द केले, आणि पुरावा कुठला मानला? पुन्हा कंप्युसर्व्ह, या खेपेला त्यांचा ‘मॉल’. नव्वदीतली इतकी मोठमोठी पेटंटं ज्या एका जुन्या सेवेवर आपटली, तिची आठवण आज कितीजणांना आहे?

बाकीचा इतिहास चटकन सांगण्यासारखा आहे. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन यांनी ॲमेझॉनवर बहिष्कार पुकारला. प्रकाशक टिम ओरायली यांनी जाहीर विरोध केला. त्यावर मार्च २००० मध्ये बेझोस यांनी खुलं पत्र लिहिलं. त्यात ते म्हणतात की सॉफ्टवेअरच्या आणि व्यवसायपद्धतींच्या पेटंटांची मुदत तीन ते पाच वर्षं असावी आणि मंजुरीपूर्वी लोकांचं म्हणणं ऐकावं. सूचना चांगल्या होत्या. स्वतःचं पेटंट मात्र त्यांनी सोडलं नाही, आणि सहा महिन्यांत ॲपलने पैसे देऊन त्याचा परवाना घेतला. न्यूझीलंडमधल्या एका हौशी माणसाने २००६ मध्ये फेरतपासणी मागितली. तिच्यात ॲमेझॉनला सर्वांत ऐसपैस दावे दुरुस्त करावे लागले आणि २०१० मध्ये ते दुरुस्त रूपात टिकले. युरोपात भेटवस्तूंच्या भागावर मिळालेलं पेटंट २००७ मध्ये रद्द झालं. विरोध करणाऱ्यांत फुलं पोचवणारी फ्लेरॉप होती, हे मला फार समर्पक वाटतं. पत्त्यावर भेट पोचवण्याचा धंदा त्यांचाच.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या ॲलिस खटल्यात एकमताने सांगितलं की एखादी अमूर्त कल्पना घेऊन ‘हे संगणकावर करा’ एवढं म्हटल्याने पेटंट मिळत नाही. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांचा तो निकाल. त्यानंतर असे दावे धडाधड कोसळू लागले. वन-क्लिकवर ती कुऱ्हाड पडली नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये ते आपली मुदत भरून, वयोमानाप्रमाणे गेलं.

भारतीय कायद्याने या भानगडीतून बाहेर राहायचा प्रयत्न केला आहे. पेटंट कायद्याच्या कलम ३(के) प्रमाणे गणिती किंवा व्यवसायपद्धती, निव्वळ संगणकप्रणाली आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाही. २००४ च्या अखेरीस वटहुकुमाने या कलमाला खिंडार पाडायचा बेत होता, तो २००५ मध्ये संसदेत टिकला नाही. पण ‘निव्वळ’ म्हणजे किती निव्वळ, यावर वाद चालूच आहेत, आणि त्या फटीतून अर्ज येत राहतात. ते दर शुक्रवारी पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात प्रसिद्ध होतात. मंजुरीपूर्वी त्यांना हरकत घ्यायचा हक्क कलम २५(१) प्रमाणे कुणालाही आहे. त्यासाठी कंपनीचा प्रतिनिधी असावं लागत नाही.

संगणकाच्या धंद्यात असलेल्या वाचकांनी त्यातला एखादा अर्ज उघडून पाहावा. वर्णन मागाहून वाचा, आधी दावे वाचा. वर्णनात जे आहे त्यातलं दाव्यात काय उरलं नाही याची यादी करा. ती यादी फार लांब झाली, आणि जे उरलं ते तुम्ही दहा वर्षांपूर्वीच कुठेतरी चालताना पाहिलं असेल, तर तसं लिहून कार्यालयाला कळवा.